दोन कुलपांची वही

संशय घ्यायचा मला पगार मिळतो, हे आधीच सांगून टाकते. बोईसरच्या एका कापड रंगवणाऱ्या कंपनीत मी बावीस वर्षं क्वालिटी बघते. रंगवलेल्या कापडाचा तुकडा दिव्याखाली धरायचा आणि तो नमुन्याशी जुळत नाही असं समजूनच बघायला सुरुवात करायची. जुळला तर जुळला. माकुणसारला घरी भाजीवालीने मेथीची जुडी दिली तरी मी ती सोडून आतली पानं बघते. नवरा म्हणतो, लग्नाआधी तू मलाही उलटसुलट करून बघितलं असशील. बघितलं होतंच.

अशा बाईला आमच्या शेठनी भागीदारीची सचिव केलं. भागीदार पालघरचे, आमच्याच धंद्यातले. पंधरा वर्षं आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली, एकमेकांची माणसं फोडली. मग एका मोठ्या हॉटेलवाल्याची ऑर्डर आली. पडदे, चादरी, टॉवेल, सगळंच. एकट्याच्या आवाक्यातली नव्हती. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातला हरी कोण आणि गाढव कोण हे अजून ठरायचं आहे, पण दोघांनी मिळून एकतीस कलमांचा करार केला.

कराराचा गाभा एवढाच, की दोघांनी आपापल्या रेसिपी एका वहीत आणायच्या. रेसिपी म्हणजे कुठल्या छटेला पिवळा किती, लाल किती, निळा किती, मीठ आणि सोडा किती. धंद्याचं सगळं गुपित त्यातच असतं. तुम्ही एक दिलीत की आम्ही एक देणार. त्यावर देखरेखीला संयुक्त समिती, तीन माणसं त्यांची, तीन आमची. बैठक एक महिना बोईसरला, एक महिना पालघरला. पहिल्या बैठकीत आमच्याकडे बाकरवडी होती, तर दुसऱ्या बैठकीत त्यांनी बाकरवडी आणि वर ढोकळा ठेवला. मी तेव्हाच शेठना म्हटलं होतं, एवढा पाहुणचार करणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी आहे.

वही कॉम्प्युटरवर ठेवायची ठरली होती. पण पासवर्ड कोणाकडे, यावर तीन बैठका गेल्या. शेवटी जाडजूड रजिस्टर आणलं, ते लोखंडी कपाटात ठेवलं आणि कपाटाला दोन कुलपं लावली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मेहुलकडे. हा मेहुल म्हणजे पालघरच्या कंपनीचा टेक्निकल मॅनेजर, चाळिशीचा, गोड बोलणारा. दोघं हजर असल्याशिवाय वही उघडायची नाही.

चौदावं कलम माझं. वहीतल्या रेसिपीत जो कामगार फेरफार करील, त्याला दोन्ही कंपन्यांचं गेट कायमचं बंद. वकील म्हणाले, जरा सौम्य लिहू या. मी ऐकलं नाही.

आता वहीत आलेली रेसिपी खरी कशावरून? ती रंगवून दाखवायची. पण कुठे? रंग तोलायची खोली, जिला आम्ही कलर किचन म्हणतो, तिथे परक्या कंपनीचा माणूस शिरणं म्हणजे आमच्या तिजोरीत शिरणं. बरं, आपला माणूस तिकडे पाठवावा, तर तो तिकडचाच व्हायचा. म्हणून असं ठरलं, की ज्याने रेसिपी दिली त्याने आपल्याच किचनमध्ये, आपल्याच माणसाकडून रंग तोलून कापड रंगवायचं. समोरच्याने दाराबाहेर बाकावर बसायचं. कापड बाहेर आलं, नमुन्याशी जुळलं, की सही करायची. ही व्यवस्था माझ्याच डोक्यातली, आणि मला ती फार चोख वाटली होती. दीड वर्षात एकशे चाळीस रेसिपी अशा पास झाल्या. एकही फसली नाही, याचाच मला संशय यायला हवा होता.

फेब्रुवारीत हॉटेलवाल्याने पडद्यांसाठी फिकट हिरवा निवडला. वाळलेल्या तमालपत्रासारखा. रेसिपी आमची, वहीतली त्रेपन्नावी. निम्मं कापड आम्ही रंगवलं, निम्मं त्यांनी; एकाची रेसिपी दुसऱ्याने वापरायची ही पहिलीच वेळ. हॉटेलात एकाच खिडकीला एक पडदा आमचा लागला आणि एक त्यांचा, आणि मॅनेजरने फोटो पाठवला. आमचा हिरवा होता. त्यांचा मातकट, तांबूस मारणारा. हजारो मीटर कापड परत आलं.

पालघरच्या बैठकीत त्या दिवशी ढोकळा नव्हता.

"विजयाबेन, तुमची रेसिपी खोटी आहे," मेहुल म्हणाला.

"तुमच्यासमोर पास झाली आहे, मेहुलभाई. खाली सही तुमची आहे."

"मी बाकावर बसलो होतो. आत काय झालं ते मला काय माहीत?"

"तुमच्या किचनमध्ये काय झालं ते तरी मला कुठे माहीत आहे?" मी म्हटलं. "आमच्या सत्तर रेसिपी हातात आल्या. आता भागीदारी मोडायला काहीतरी निमित्त हवंच ना."

दोन्ही शेठ खाली बघत होते. शेवटी समितीने ठरवलं, की चौकशी विजया चुरी आणि मेहुल या दोघांनी मिळून करावी आणि चौदाव्या कलमाप्रमाणे दोषी कामगाराचं नाव द्यावं. चोराला आणि पोलिसाला एकाच जीपमध्ये बसवल्यासारखं झालं. जीपमध्ये चोर कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

आमच्या किचनमध्ये रंग तोलतो तो सुका. मनोरच्या पुढच्या एका पाड्यावरचा, पंचेचाळिशीचा, सोळा वर्षं काँट्रॅक्टवर. आकडे वाचता येतात, अक्षरं नाही. काट्यावर त्याचा हात इतका स्थिर, की मी त्याच्यामागे कधी फारसं बघायला गेले नाही. एक एप्रिलला आमच्याकडे सहा काँट्रॅक्टवाले कायम होणार होते आणि यादीत सुकाचं नाव दुसरं होतं. त्याची बायको बायडी दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, मे महिन्यात परत येते. तिचा कफ भट्टीच्या धुराने आता उन्हाळ्यातही जात नाही. कायम झालो की हिचं भट्टीवर जाणं बंद, असं सुकाने तिला आणि पाड्यावरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मलाही सांगितलं होतं, दोनदा.

चौकशी सुरू होऊन चार दिवस झाले असतील. सुटीचा दिवस होता, मी बोईसरला बाजाराला आले होते. नवापूर नाक्यावर सुपं घेऊन बसलेल्या कोळणीकडे बोंबील बघत होते, आणि समोर मेहुलची पांढरी गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला सुका उभा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तो मागच्या सीटवर बसला. गाडी पालघरच्या रस्त्याला लागली. कोळीण म्हणाली, "बाय, घेते का नाय?" मी बोंबील तसेच टाकून निघाले.

असा राग आला मला, की घरी येऊन मी घासलेली भांडी पुन्हा घासली. सोळा वर्षं ज्याच्या हातावर आम्ही डोळे मिटून विसंबलो, त्याने घर फोडलं होतं. आणि कशासाठी? पाचशे-हजारासाठी? दुसऱ्या दिवशी मी कलर किचनमध्ये जाऊन बसले. म्हटलं, साठा तपासते आहे. सुकाने माझ्यासाठी स्टूल पुसून दिलं.

टॉवेलच्या तपकिरी रंगाची रेसिपी आली होती. कागदावर, रेसिपी लिहून देणाऱ्या आमच्या डाईंग मास्तरांचं वळणदार अक्षर. लाल, चारशे ग्रॅम. सुकाने कागद बघितला, पिवळा तोलला, बरोबर. निळा तोलला, बरोबर. मग लालच्या पिंपात पळी घातली आणि काटा साडेतीनशेवर थांबवला. पन्नास ग्रॅम कमी. कागदाकडे त्याने पुन्हा बघितलंसुद्धा नाही. मी बसून राहिले. त्या दिवशी त्याने अजून पाच रेसिपी तोलल्या आणि पाचही वेळा लाल कमी घातला, अगदी माझ्या डोळ्यांसमोर.

मला वाटलं, सापडला. संध्याकाळी मी मेहुलला फोन करून बोलावून घेतलं. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि एकाच्या तोंडून दुसऱ्याला बाहेर काढायचं, असा माझा बेत होता. समितीच्या खोलीत मी सुकाला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"लाल कमी का घातलास?"

"कदी?"

"आज. सहा वेळा. मी मोजले आहेत."

"रोजच घालतो ना ताई," सुका म्हणाला. त्याला मी काय विचारते आहे तेच कळत नव्हतं. "मास्तरांनी पयल्या दिवशी सांगला. कागदावर लाल आठ लिवला का सात तोलायचा. कागद कोनी नेला तरी त्याला रंग गावायचा नाय. सोळा वर्सं तसाच करतो. आता मी काय चुकलो?"

स्टोअरमध्ये लाल रंग दरवर्षी शिल्लक निघायचा आणि त्याबद्दल आम्ही मास्तरांना तीनदा काटकसरीचं प्रशस्तिपत्र दिलं होतं, ते एकदम आठवलं. त्रेपन्नावी रेसिपी आमच्याकडे जुळत होती, कारण ती सुका तोलत होता. पालघरला जुळली नाही, कारण त्यांनी बिचाऱ्यांनी जे लिहिलं होतं तेच तोललं.

मी मेहुलकडे वळले. "आणि हे तुम्हाला आधीच माहीत होतं. सुटीच्या दिवशी गाडीतून याला कुठे नेलंत?"

"ते तुम्ही बघितलंत तर," मेहुल म्हणाला. त्याने हातातली किल्ली टेबलावर ठेवली. "आमच्या किचनमध्ये नेलं. तुमच्या तीन रेसिपी याच्याकडून तोलून घेतल्या. तिन्ही जुळल्या. समितीला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, माणूस फोडला."

"म्हटलंच असतं."

"पण तिथे दुसरंच झालं. आमच्याकडे रंग तोलते ती सोमी, ती याचं तोलणं बघून हसायला लागली. म्हणाली, यांचा मास्तरपण आपल्यासारखाच दिसतो." मेहुलने मान वर केली. "आमच्याकडे निळा आहे, विजयाबेन. दहा लागतो तिथे आमचे मास्तर नऊ लिहितात. सोमी दहा तोलते."

म्हणजे एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. दोन कुलपं, एकतीस कलमं, दीड वर्षाच्या बैठका, आणि आत सांभाळून ठेवलेली प्रत्येक रेसिपी खोटी. आमच्या सत्तर लालमध्ये खोट्या, त्यांच्या सत्तर निळ्यात. आम्ही दाराबाहेर बाकावर बसून त्यांना पास करत होतो. मला हसू आलं असतं, पण सुका अजून उभाच होता.

आमचे डाईंग मास्तर म्हणजे नरहरी सावे. केळव्याचे, आमच्याच नात्यातले, जूनमध्ये निवृत्त होणार. मी दुसऱ्या दिवशी त्यांना गाठलं. त्यांनी लपवलं नाही.

"माज्या गुरूनं मला तसाच शिकवला, विजू. कागद चोरीला जातो, हात चोरीला जात नाय. तुज्या त्या करारात मला कोनी इचारला व्हता? रेसिपी द्या म्हनलात, दिल्या."

"पण समितीपुढे हे सांगा, मास्तर. नाहीतर सगळं सुकावर येतंय. फेरफार हाताने केला तो त्याने."

मास्तरांनी चष्मा पुसला. "चाळीस वर्सं नाव कमावला. जाताना खोटारडा म्हनून जाऊ? समितीत इचारलास तर मी नाय म्हनेन. लिवला तसाच तोलायला सांगितला व्हता, असाच सांगेन."

मास्तरांचा शब्द आणि सुकाचा शब्द समितीत एका काट्यावर ठेवला, तर काटा कुठे झुकेल हे सांगायला क्वालिटीवाली लागत नाही. चौदावं कलम माझ्याच हाताने इतकं घट्ट लिहिलं होतं, की त्यातून सुकाला सोडवायला मलाच फट सापडेना. वहीत जे लिहिलं होतं ते त्याने बदललं होतं. बदलून खरं केलं होतं, पण खरं केल्यास माफी, असं कलमात कुठे होतं?

मग मी आणि मेहुल पहिल्यांदा एका बाजूला बसलो. त्यालाही सोमीला वाचवायचं होतं, निदान तो तसं म्हणत होता. आम्ही अहवालात कोणाचंच नाव घातलं नाही. लिहिलं, की दोन्हीकडच्या तोलण्याच्या पद्धती वेगळ्या असल्याने वहीत तफावत आली. दोन्ही तोलणाऱ्यांना एका टेबलाशी बसवून वही नव्याने शुद्ध करावी.

मला वाटलं होतं, समितीत दोन तास भांडण होईल. दहा मिनिटांत मंजूर झालं. मास्तरांना कोणी बोलावलंही नाही. दोन्ही शेठ एकमेकांकडे बघत होते आणि मला ते बघणं आवडलं नाही. त्यांच्या शेठनी विचारलं, वही किती दिवसांत पूर्ण खरी होईल? तीन आठवडे, मी म्हटलं. मग आमचे शेठ म्हणाले, लिहून घ्या, वही शुद्ध झाल्यावर रंग तोलण्याच्या स्वयंचलित यंत्राबाबत निर्णय घ्यावा. मी शब्दन्‌शब्द लिहून घेतलं. यंत्राचं खूळ मेहुलच्या डोक्यातलं असणार आणि ते पालघरला बसवून तो आमच्यावर कुरघोडी करणार, एवढाच विचार मनात आला. मी त्याच्याकडे रोखून बघितलं. तो पाणी पीत होता.

बैठकीनंतर मी सुकाला सांगितलं, "तुझ्यावरचं टळलं. आता वही नीट करून दे. एक तारखेला तू कायम होशील, मी बघते."

"तुमी हाय म्हनल्यावर मग काय," सुका म्हणाला.

ते तीन आठवडे मला अजून आठवतात. समितीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला सुका, दुसऱ्या बाजूला सोमी. ती दातिवऱ्याची, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. मध्ये काटा, आणि मी लिहायला. सोमी पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तू काय आमच्यावर पारा ठेवाला बसलीस का?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "बस मंग. पण मदीमदी बोलू नको."

वहीतला एक-एक कागद काढायचा. खरा लाल किती, खरा निळा किती, ते दोघं सांगायचे, तोलून दाखवायचे. छोटा तुकडा रंगवून यायचा, मी बघायची, जुळला की सही करायची. चार-पाच दिवसांनी ते दोघं माझ्याकडे न बघता एकमेकांशीच बोलायला लागले. सुका म्हणाला, खाऱ्या वाऱ्याचे दिवस असले का पिवळ्याच्या गुठळ्या व्हतात, मग तो चाळून घ्यावा लागतो. सोमी म्हणाली, चाळतोस कशाला, आधी कोमट पाण्यात कालव. त्याने कालवून बघितला. झालं. मग त्याने तिला मिठाचं सांगितलं, की पोतं खालचं असलं तर मीठ ओलसर असतं आणि थोडं जास्त धरावं लागतं. हे कुठल्याच मास्तरांच्या डायरीत नव्हतं. मी वहीत शेऱ्यांचा एक नवा रकाना आखला आणि त्यात हे सगळं लिहायला लागले. दीड वर्षात दोन कंपन्यांनी एकमेकांना जे दिलं नव्हतं, ते ही दोन माणसं चहा पिता पिता देत होती. मला त्यांचा हेवा वाटला. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी शेवटी तर मी तुकडेही पुरते बघत नव्हते. त्या दोघांनी तोललेलं आहे ना, मग जुळणारच, असं म्हणून सही करायची. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

एकोणतीस मार्चला सकाळी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक रंग तोलणाऱ्या यंत्रांच्या ऑर्डरचा. दोन यंत्रं, एक बोईसरला, एक पालघरला, दोन्ही कंपन्यांनी मिळून घेतलेली. दुसरी कायम होणाऱ्यांची यादी. त्यात पाच नावं होती.

"सुकाचं राहिलं," मी म्हटलं.

"तोलायला माणूसच लागणार नाही, तर कायम कशाला करायचं?" शेठ शांतपणे म्हणाले. "यंत्र आम्हाला दोन वर्षांपूर्वीच घ्यायचं होतं. पण यंत्राला आकडे खरे लागतात, आणि आमचे मास्तर काय, त्यांचे काय, खरे आकडे देणार नव्हते. तुम्ही ते काम केलंत. त्याचं काँट्रॅक्ट एप्रिलअखेर आहे, तोवर राहू दे."

"मी त्याला शब्द दिला होता."

"विजयाताई, यंत्राचं तुम्हीच तर इतिवृत्तात लिहिलंय."

मी सगळ्यांवर संशय घेतला. मेहुलवर, सुकावर, सोमीवर, ढोकळ्यावरसुद्धा. ज्याने मला खुर्ची दिली, पगार दिला, किल्ली दिली, त्याच्यावर घेतला नाही. आपला तो बाब्या.

मी जवळजवळ धावतच कलर किचनमध्ये गेले. माझ्या हिशेबाने वहीचे बारा कागद अजून बाकी होते. त्या बारा कागदांवर मला भांडता आलं असतं. सुका एकटाच होता, पळ्या धुऊन ठेवत होता. मी दार लावून घेतलं.

"ऐक. उरलेल्या बारा रेसिपी सांगू नकोस. आठवत नाही म्हण, डोकं दुखतंय म्हण, काहीही म्हण. पत्र हातात पडल्याशिवाय एकही आकडा द्यायचा नाही."

सुकाने पळी खाली ठेवली. "संपल्या ताई. काल दुपारीच. सोमीबाय म्हनाली आजच उरकून टाकू. तुमीच सह्या केल्यात ना."

केल्या होत्या. काल दुपारी तिने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला होता आणि मी किती आहेत ते न मोजता सह्या केल्या होत्या.

"एखादी तरी राहिली असेल. काही मागे ठेवलं असशील."

"मागं कशाला ठेवू? तुमी सांगलाव का कायम व्हनार." तो माझ्याकडे बघत होता. "का? नाय व्हनार?"

मग मला सांगावं लागलं. यंत्राचं सांगितलं, यादीचं सांगितलं, एप्रिलअखेरचं सांगितलं. तो ऐकत होता. बायडीचं नाव त्याने काढलं नाही, आणि मला ते काढायचं धाडस झालं नाही. नळ चालू राहिला होता, तो त्याने बंद केला.

"यंत्र येनार, ते तुमाला ठावं व्हता?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "कागदावर होतं. मी लिहिलं होतं. पण मला वाटलं..." पुढे काय वाटलं होतं ते मला नीट सांगता येईना. मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडण्याचा मला काही हक्क नव्हता.

सोळा वर्षांत सुकाने माझा एकही शब्द तपासून घेतला नव्हता. कापड नापास केलं तर मान डोलवायचा, पास केलं तरी मान डोलवायचा. आता तो मान न हलवता उभा होता.

"तो कागद मला द्याल?" तो म्हणाला. "मला वाचता नाय येत. पोरगी दीपाली दहावीला हाय, ती वाचून दावेल. काय लिवलाय ते मला आयकायचा हाय."

मी ऑफिसात गेले, बैठकीच्या इतिवृत्ताची झेरॉक्स काढली आणि आणून त्याच्या हातात दिली. त्याने घडी घातली नाही. कागद उजेडाकडे धरून तो वरपासून खालपर्यंत बघत गेला आणि अगदी तळाशी थांबला. तिथे माझी सही होती. तेवढी त्याला वाचता येत होती, एकशे चाळीस कागदांवर त्याने ती बघितली होती.